चौथं फावडं

"क्लॅरी, मला एक मऊ खड्डा पाहिजे."

ग्लेनिस मॅकार्डल ही गुनावारा गावच्या नगरपरिषदेची अध्यक्ष. ती हे वाक्य दोन बुटांना उद्देशून म्हणाली, कारण क्लॅरी पेंगिलीचा बाकीचा भाग ट्रॅक्टरखाली होता.

"खड्डा मऊ नसतो," बूट म्हणाले. "खड्ड्यात काहीच नसतं, म्हणून तर त्याला खड्डा म्हणतात."

"माती मऊ पाहिजे रे, माती! शुक्रवारी मंत्री येतोय. शाळेमागच्या माळावर पोहायच्या तलावाचं पहिलं फावडं मारायला."

आधी बूट हलायला लागले, मग ट्रॅक्टर हलायला लागला, आणि शेवटी डोळे पुसत क्लॅरी बाहेर आला.

"पहिलं? अगं ग्लेनिस, पहिली तीन नोलाच्या पबात भिंतीवर टांगलीत!"

हे मात्र खरं होतं. नोलाच्या पबात बाटल्यांच्या वर तीन फावडी लटकत होती. तिन्ही चकचकीत, तिन्हींच्या दांड्याला रेशमी फीत, आणि तिन्हींनी मिळून उभ्या आयुष्यात उकरलेली माती एका कुंडीत मावली असती. पहिलं फावडं एका पक्षाच्या मंत्र्यानं मारलं. मग दुसरा पक्ष निवडून आला, त्याला पहिल्याचं फावडं चालेना, म्हणून त्यानं आपलं आणलं. मग पहिला पक्ष परत आला. दर वेळी डोक्यावर पिवळी टोपी, हातात फावडं, फोटो, बायकांनी केलेले लॅमिंग्टन केक, आणि मग गाडीचा धुरळा. तलाव जागचा हलला नाही. म्हणजे, नव्हताच तर हलणार कुठे?

"ह्या वेळी वेगळं आहे," ग्लेनिस म्हणाली. "सरकार अर्थव्यवस्थेला चालना देतंय. तीस जूनला सरकारी वर्ष संपतं, त्याच्या आत पैसे जमिनीत गेले पाहिजेत. फक्त काम 'फावडं मारायला तयार' पाहिजे, अशी अट आहे."

"मग आपला नंबर पहिला. आपल्याकडे बाकी काही नसलं तरी फावडी तयार आहेत."

"थट्टा नको करूस."

"थट्टा? मागच्या चालनेत शाळेला काय मिळालं? तीस सायकलींची शेड! शाळेत पोरं अकरा, आणि अकराच्या अकरा बसनं येतात. शेजारच्या गावाला चौकात गाड्या वळवायचा गोल मिळाला. रस्ता एकच आहे त्यांच्यात, चौक कुठून आणणार? लोक सरळ जाता जाता त्या गोलाला एक फेरी मारतात आणि पुन्हा सरळ जातात. सरकारी पाहुण्याचा मान राखायचा म्हणून."

ग्लेनिसनं आपली पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि नडगी दाखवली. मागच्या वेळचा मंत्री दुष्काळानं दगड झालेल्या जमिनीवर फावडं मारायला गेला होता. 'ठण्ण' असा आवाज झाला, फावडं उडालं आणि थेट ग्लेनिसच्या नडगीवर बसलं. टीव्हीच्या बातम्यांत ते सावकाश करून, तीनदा दाखवलं होतं.

"थंडी पडली की अजून ठणकते," ती म्हणाली. "तुझ्या ट्रॅक्टरला खणायचा हात आहे. बादलीभर जागा भुसभुशीत करून दे. गावासाठी नको करूस, माझ्या नडगीसाठी कर."

"करतो की!" क्लॅरी म्हणाला. "आनंदानं करतो. चौथ्या फावड्यासाठी भिंतीत खिळासुद्धा मीच ठोकतो."

क्लॅरीच्या आनंदाला एक कारण होतं, आणि ते त्याच्या कुत्र्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी पहिलं फावडं पडलं, त्या संध्याकाळी क्लॅरी पबात स्टुलावर चढला होता आणि ओरडला होता, "त्या माळावर ज्या दिवशी तलाव होईल, त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मी उडी मारीन! अंगावरच्या कपड्यांसकट!" लोक हसले, टाळ्या पडल्या, नोलानं एक ग्लास फुकट दिला. इथवर सगळं ठीक होतं. पण नोला ही पक्की बाई. तिनं ते वाक्य एका फळीवर रंगवून फावड्याखाली ठोकलं, खाली क्लॅरीचं नाव घातलं, आणि रंग उडाला की दर दोन वर्षांनी ती त्याच्यावर नवा हात मारायची.

आणि क्लॅरीला पोहता येत नव्हतं.

तसं त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. सदुसष्ट वर्षं तो अशा गावात राहिला होता जिथे नदीत पाण्यापेक्षा मेंढ्या जास्त. पण हे आता सांगणार कुणाला? म्हणून क्लॅरीनं सगळा भार सरकारवर टाकला होता. सरकारवर इतका विश्वास देशात दुसऱ्या कुणी टाकला नसेल. सरकार तलाव बांधणार नाही, ह्या एका भरवशावर तो बारा वर्षं सुखानं झोपत होता.

त्या सुखात एकच खडा होता, त्याची नात ब्रॉनी. चौदा वर्षांची, आणि पाण्यातली मासोळी. तिच्या सरावासाठी जवळचा तलाव गाडीनं दीड तासावर. एरवी ती शेतातल्या गुरांच्या पाणवठ्यात पोहायची आणि घरी येताना केसांत बेडूक घेऊन यायची.

"आजोबा, ह्या वेळी होईल ना रे तलाव?" त्या रात्री जेवताना तिनं विचारलं.

"सूर्य पश्चिमेला उगवला की लगेच," क्लॅरी म्हणाला, पण तिच्याकडे बघायचं त्यानं टाळलं.

इथला जून म्हणजे ऐन हिवाळा; शुक्रवारी सकाळी माळावर पांढरंशुभ्र दव गोठलं होतं. शहरातून आलेल्या माणसांनी आदल्या दिवशीच स्टेज उभारलं होतं. लाल गालिचा, लोखंडी पाय, पाय जमिनीत बोल्टांनी घट्ट आवळलेले. शेजारी दोन फिरते संडास, एक मंत्र्यासाठी आणि एक बाकी लोकशाहीसाठी. स्टेजची माणसं कडेला चहा पीत होती. स्टेजसमोर माळ थोडा खोलगट होता, ताटासारखा. तलावासाठी ही जागा निवडली होती ती त्याचमुळे.

क्लॅरीनं ट्रॅक्टर आणला. शाळेच्या गणवेशात ब्रॉनीही मागून आली.

"आजोबा, इथून पाण्याचा पाइप नाही ना जात? खणायच्या आधी फोन करून विचारायचं असतं. आम्हाला शाळेत सांगितलंय."

"पोरी, ह्या गावात नळ आले तेव्हा मी उभा राहून बघत होतो. पाइप तिकडून जातो, शाळेच्या कुंपणाच्या कडेनं. डोळे बांधून दाखवीन."

डोळे न बांधताच त्यानं खणायला सुरुवात केली. वरचा थर म्हणजे नुसती फरशी. तो फोडायचा म्हणून क्लॅरीनं जरा जोर लावला. मग ढेकळं मोठी निघाली, ती बाजूला काढून बारीक करायची म्हणून खड्डा जरा रुंद केला. मग त्याच्या मनात आलं, मंत्र्याचं फावडं दांड्यापर्यंत आत गेलं आणि त्याच्यामागून मंत्रीही गेला तर काय बहार येईल! म्हणून जरा खोल केला. असं जरा-जरा करत, बादलीएवढ्या जागेचा खड्डा मोटारीएवढा झाला.

आणि मग 'ठण्ण' झालं. तोच आवाज. पण ह्या वेळी नडगीवर काही आलं नाही. खड्ड्यातून पाण्याचा खांब उठला, दिव्याच्या खांबाएवढा उंच, आणि झाडावरचे गुलाबी पोपट एका दमात गाव सोडून गेले.

"आजोबा," ब्रॉनी म्हणाली, "कुंपण तर तिकडं आहे."

"पाइपही तिकडंच होता!"

पाइप तिकडंच होता, हे बरोबर. पण मागच्या चालनेत सायकलींची शेड बांधताना तो मध्ये आला, म्हणून ठेकेदारानं उचलून इकडं टाकला होता. सांगायचं कुणाला, हे कुणी ठरवून दिलं नव्हतं, म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे पहिल्या चालनेनं दुसरीच्या वाटेत पाय घातला होता, आणि क्लॅरी त्या पायाला अडखळून पडला होता.

ग्लेनिस धावत आली. तिनं पाणी बघितलं, क्लॅरीकडे बघितलं, पुन्हा पाणी बघितलं.

"मी बादलीभर म्हणाले होते!"

"आधी पाणी बंद कर, मग मला शिव्या दे. व्हॉल्व्ह कुठंय?"

ग्लेनिसनं हळूहळू मान वळवली आणि स्टेजकडे पाहिलं. लाल गालिच्याच्या बरोबर खाली, जमिनीत, व्हॉल्व्हचं लोखंडी झाकण होतं.

ते दोघं स्टेजच्या माणसांकडे पळाले. त्यांच्या मुकादमानं चहाचा घोट संपवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"स्टेज नाही हलवता येणार, बाई. सुरक्षेची मंजुरी घेतलेलं स्टेज आहे. सोडवायची वेळ दुपारची लिहिलीय."

"अरे, गाव बुडतंय!"

"बुडेल तसं बुडू दे. पण दुपारच्या आत एक बोल्ट फिरवला ना, तर मंजुरी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते. मग मंत्र्याला उभं कशावर करणार?"

पाणी मात्र कुणाच्या मंजुरीला थांबलं नाही. खड्डा भरला, मग पाणी ताटासारख्या माळावर पसरलं, आणि उन्हं वर आली तेव्हा तिथे चक्क लाटा चमकत होत्या. दोन बदकं आकाशातून आली, एक घिरटी घातली आणि ऐटीत उतरली. एवढ्यात गावातले नळ कोरडे पडले. कुणाच्या डोक्याला साबण, कुणाच्या हातात रिकामी किटली, अशा अवस्थेत एकेक जण पाणी गेलं कुठं बघायला घराबाहेर पडला आणि माळावर येऊन थांबला. नोला हातात काचा पुसायचं फडकं घेऊनच आली. मंत्र्याच्या कार्यक्रमाला गुनावारात एवढी गर्दी आजवर कधी जमली नव्हती.

त्या गर्दीत एक पांढरी गाडी शिरली. तिच्यातून मंत्र्याचा सल्लागार उतरला. नाव लाकलन, वय पंचविशीच्या आसपास, बूट आरशासारखे, हातात फितीचं चौथं फावडं. मंत्री आणि टीव्हीवाले मागून येत होते. लाकलननं पाण्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे... हे काय आहे?"

क्लॅरी चिखलानं माखलेला, भिजलेला, वैतागलेला. त्याच्या जिभेला मात्र हाड नव्हतं.

"तलाव आहे," तो म्हणाला. "दिसत नाही का?"

"तलाव? पण आज तर पहिलं फावडं मारायचं होतं!"

"तुम्ही लोक फार हळू कामं करता बाबा. आम्ही आपलं करून टाकलं."

गर्दीत खसखस पिकली. लाकलन हसला नाही. तो शहरातून आला होता आणि उपरोध ओळखायची त्याला सवय नव्हती. त्यानं एकदा तलावाकडे पाहिलं, एकदा बदकांकडे पाहिलं, आणि बाजूला जाऊन फोन लावला. "साहेब, काम पूर्ण झालंय! ... हो, पूर्ण! मुदतीच्या आत! ... नाही, माझाही नाही बसला विश्वास, पण बदकं आहेत, साहेब!"

क्लॅरीचं हसू तोंडातच विरलं.

मंत्री ग्रॅहम टोलहर्स्ट आला तो हात पसरूनच. स्टेजवर चढला, बुडत चाललेल्या जमिनीकडे प्रेमानं बघितलं आणि टीव्हीवाल्यांकडे वळला. "आमच्यावर टीका करणारे म्हणत होते, सरकारी पैसा जमिनीत मुरतो आणि दिसत नाही. बघा! दिसतोय! आम्ही म्हणालो होतो फावडं मारू, आणि फावडं मारायच्या आधीच तलाव उभा केला! मित्रांनो, ह्याला म्हणतात चालना!"

फावड्याच्या दांड्याची फीत सोडून दोन खुंट्यांना बांधली. कात्री कुणी आणली नव्हती, कारण उद्घाटन ठरलंच नव्हतं. मंत्र्यानं फावड्याच्या धारेनं कापून बघितली, पण त्या फावड्याला धार कसली? शेवटी एका शेतकऱ्यानं गाडीतून मेंढ्यांची लोकर कापायची कात्री आणून दिली आणि जूनच्या कडाक्याच्या थंडीत गुनावाराच्या तलावाचं उद्घाटन झालं.

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या थांबता थांबता मागून नोलाचा आवाज आला.

"वाट द्या रे, वाट द्या!"

ती मघाशीच पबात पळत गेली होती. आता तिच्या डोक्यावर ती फळी होती.

"क्लॅरी पेंगिली, चष्मा आणलायस की मी वाचून दाखवू?"

सगळे एकदम ओरडले. क्लॅरी मागं सरकला, पण मागं ट्रॅक्टर होता.

"हा तलाव नाही!" तो ओरडला. "फुटलेला पाइप आहे! मीच फोडलाय!"

"अहो, आत्ताच तर तुम्ही मला म्हणालात, तलाव आहे," लाकलन दुखावल्या स्वरात म्हणाला.

"मंत्र्यानं फीत कापली," नोला म्हणाली. "आता तो तलावच. चल, काढ बूट. नको, राहू दे. कपड्यांसकट म्हणालायस."

"हे बघा, मी ते म्हणालो तेव्हा परिस्थिती वेगळी होती," क्लॅरी म्हणाला. "माझ्या बोलण्याचा विपर्यास होतोय. मी उडी मारणार नाही असं म्हणत नाही, योग्य वेळ आली की..."

तो थांबला. लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. "अरे, ह्यालाच निवडून द्या रे!" कुणीतरी ओरडलं. स्टेजवर मंत्रीही कौतुकानं मान डोलावत होता, आपल्याच गावचा माणूस भेटल्यासारखी. ती मान क्लॅरीला झोंबली. बारा वर्षं तो त्या स्टुलावर बसून, शब्द फिरवणाऱ्या प्रत्येकाची साल काढत आला होता. आणि आता तेच शब्द त्याच्या तोंडातून इतके सरळ निघाले होते, जणू लहानपणापासून पाठ असावेत.

ब्रॉनी जवळ आली. ती हसत नव्हती.

"नको मारूस आजोबा. पाणी बर्फ आहे. मी सांगते सगळ्यांना, तुला सर्दी आहे म्हणून."

हे तर जास्तच झोंबलं. क्लॅरीनं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"सर्दी नाही गं. मला पोहता येत नाही."

ब्रॉनीनं डोळे मोठे केले. मग खांदे उडवले. "मला येतं की."

क्लॅरीनं टोपी काढून तिच्या हातात दिली. "टोपीसकट!" लोक ओरडले. त्यानं टोपी परत डोक्यावर घातली, कानापर्यंत ओढली, डोळे मिटले, आणि मेंढी कात्रीला शरण जाते तसा तो पाण्याला शरण गेला.

धबाक! बदकं उडाली. पाण्याबाहेर एक हात आला, मग एक बूट आला, मग "वाचवा!" आला, मग पुन्हा हात. ब्रॉनी काठावर गणवेशाच्या बाह्या वर करून तयार होती. ती क्षणभर बघत राहिली आणि मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडली,

"आजोबा! उभा राहा!"

"काय?"

"उभा राहा!"

क्लॅरी उभा राहिला. पाणी त्याच्या पट्ट्यापर्यंत आलं.

त्या दिवशी जो जल्लोष झाला तो स्टेजवर मिळालेल्या टाळ्यांच्या दसपट होता. दात वाजत असतानाही क्लॅरीनं मान ताठ ठेवली. "माझं झालं," तो मंत्र्याला म्हणाला. "ग्रॅहम, आता तू ये. पाणी झक्कास आहे." मंत्र्यानं घड्याळात पाहिलं, पुढच्या गावाला उशीर होतोय असं त्याच्या लक्षात आलं, आणि धुरळ्याऐवजी ह्या वेळी चिखल उडवत पांढरी गाडी निघून गेली. दुपारी, बरोबर लिहिलेल्या वेळेला, मुकादमानं पहिला बोल्ट फिरवला.

खऱ्या तलावाचे पैसे आलेच नाहीत. ग्लेनिस महिनाभर फोन करत होती. पलीकडून दर वेळी तेच उत्तर: "बाई, तुमच्या तलावाचं काम झालंय. झालेल्या कामाला पैसे कसले?" मंत्रालयाकडून फक्त एक भलामोठा फलक आला, 'चालना योजनेतून पूर्ण'. तो रोवायला खड्डा लागणार होता. ग्लेनिसनं क्लॅरीला विचारलं नाही.

पण माळाची माती चिकण, पाणी मुरलं नाही. उन्हाळ्याच्या आधी गावानं तळ सारखा केला, कुंपणाची जुनी तार ताणून ब्रॉनीनं पोहायच्या रांगा आखल्या, आणि शाळेची अकरा पोरं त्यात पडीक राहू लागली. बारावा क्लॅरी. "पाय मार आजोबा, पाय! माती नको तुडवूस!" ब्रॉनी काठावरून ओरडायची. हिवाळा परत येईपर्यंत त्याला एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाता येऊ लागलं. दिसायला ते पोहण्यापेक्षा पाण्याशी भांडण जास्त वाटायचं, पण तो पोचायचा.

चौथं फावडं भिंतीवर लागलं. खिळा क्लॅरीनंच ठोकला. तोही शब्द दिला होता त्यानं.

मग पुन्हा निवडणूक आली. मतदानाच्या दिवशी, इथल्या रिवाजाप्रमाणे, शाळेच्या फाटकाशी सॉसेज भाजत होते. एक नवा उमेदवार पावात गुंडाळलेलं सॉसेज हातात धरून लोकांना सांगत होता, की तो निवडून आला तर चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेली गुनावाराची रेल्वे पुन्हा सुरू होणार. रांगेतलं कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे वळून क्लॅरीकडे बघत होते. नोलाच्या हातात तर रंगाचा ब्रश होता.

"बोल ना क्लॅरी," ती लाडानं म्हणाली. "रेल्वे आली तर काय करशील?"

क्लॅरीनं तोंड उघडलं. मग त्यात सॉसेजचा मोठा घास कोंबला आणि तो सावकाश चावत राहिला. घास संपल्यावर त्यानं ग्लेनिसला बाजूला घेतलं.

"ह्या रेल्वेचं पहिलं फावडं कुठं मारणार आहेत, काही कळलंय?"

"का रे? माती मऊ करून देतोस?"

"छे छे," क्लॅरी म्हणाला. "त्या दिवशी मी गावात नसणार, एवढंच सांगायचं होतं."